तीन दिवस उघडायचं नाही

लग्नाच्या मांडवात आमचे घरमालक नवरा-नवरीकडे न जाता आधी आचाऱ्याकडे जायचे. तांदळाच्या पोत्यात हात घालून चार दाणे काढायचे, दाढेखाली फोडायचे आणि निकाल द्यायचे, "पंधरा टक्के. ओला हाय." यजमानाचं तोंड उतरायचं. पुढच्या लग्नाची पत्रिका द्यायला लोक बिचकायचे, पण द्यायचे. कारण पोळ्याच्या आधी त्या पोत्यात खरंच किडे व्हायचे.

जन्मभर त्यांनी धानाच्या, म्हणजे भाताच्या, संशोधन केंद्रातल्या बियाण्याच्या गोदामात काम केलं होतं. हुद्दा मजुराचाच. पण धानाची ओल ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. यंत्र आलं तरी साहेब लोक आधी यांना दाणा चावायला लावत आणि मग यंत्र लावत, असं ते सांगायचे. खरं असावं. खोटं बोलायला लागणारी कल्पकता त्यांच्यात नव्हतीच. सदऱ्याच्या खिशात मिठाची बाटली असायची, अंगठ्याएवढी. त्यात दाणे टाकून हलवायचे. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला, मोकळं राहिलं तर सुका. निवृत्त झाल्यावरही बाटली खिशातच होती. माणसांनासुद्धा ते असंच मापायचे. माझ्याआधीची भाडेकरीण नवऱ्याशी भांडून आली होती आणि आठ दिवसांत हसायला लागली होती. तिच्याबद्दल म्हणाले, "वरून सुकलं म्हंजे सुकलं नाई, बाई."

मी त्या गावच्या उपकेंद्रात नर्स होते. सिंदेवाहीहून बसनं पाऊण तास. उपकेंद्राला क्वार्टर होतं, पण पावसाळ्यात त्यात माझ्यापेक्षा बेडूक जास्त मजेत राहायचे. म्हणून यांच्या घरातली एक खोली घेतली. घरात ते एकटेच. घरापुढच्या छपरीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी बायकोचा, ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्याखाली सात खिळे. सहा खिळ्यांना सुतळीनं बांधलेले जुने बटनांचे फोन लटकत होते आणि सातवा खिळा रिकामा होता. मला वाटलं म्हाताऱ्याला भंगार जमवायचा नाद असेल.

पंधराच दिवसांत माझा फोन न्हाणीतल्या बादलीत पडला. मी तो पुसला, धावत खोलीत आले आणि तांदळाचा डबा उघडला. डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकून हे दारात.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"फोन भिजला, भाऊ. तांदळात ठेवते."

"काऊन?"

"पाणी ओढून घेतो म्हणतात."

"कोन म्हंते?"

"सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हंतेत," ते म्हणाले. एखाद्यानं आपल्या आईबद्दल वाईट बोलावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "तांदूळ सोताच ओला राह्यते, बाई. बारा-तेरा टक्के त्याच्या अंगात पानी. तो दुसऱ्याचं काय ओढन? वरून कोंडा जाते भोकात. द्या इकडं."

मी फोन पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"आंधी सिम काढा."

ते बटनांचा एक फोन खिळ्यावरून काढून घेऊन आले होते. माझं सिम त्यांनी स्वतः त्यात बसवलं, चालू केला, रेंजची दांडी आली का पाहिलं आणि माझ्या हातात दिला. "तीन जनाले फोन लावा. माह्यासमोर. सांगा, नंबर चालू हाय."

मला राग आला. रागवायला मला फार वेळ लागत नाही. "भाऊ, मी काय शाळेतली पोर आहे? लावीन मी नंतर."

"नंतर नाई. आता."

ओला फोन टेबलावर, त्यातून पाणी ठिबकतंय, आणि हा माणूस हात मागे बांधून उभा. मी राजुऱ्याला आईला फोन लावला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना लावला. तिसरं कोणी सुचेना, म्हणून तीन घरं सोडून राहणाऱ्या आशाताईंना लावला. "बाई, मी चुलीपाशीच हावो, हाक मारायची होती न," त्या म्हणाल्या. तिसरा फोन झाल्यावरच यांनी माझ्या भिजलेल्या फोनला हात लावला.

मग मात्र बघण्यासारखं होतं. मागचं झाकण, बॅटरी, सगळं वेगळं. जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ आत जाते. उन्हात ठेवायचं नाही. "बी उन्हात सुकवलं का वरून कडक अन् आत मेलेलं." दिवसभर सावलीत, वाऱ्याला. नंतर पत्र्याच्या डब्यात तळाशी कळीच्या चुन्याचे खडे, कापडात घट्ट बांधलेले, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फोन. बाजूला कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ. झाकणावर कापडी चिकटपट्टी फिरवायची आणि डबा फळीवर.

"तीन दिवस उघडायचं नाई. बटन दाबून पायचं नाई. जो उघडून पायते त्याचं बी मरते."

तीन दिवसांनी मीठ मोकळं होतं आणि फोन चालू झाला. मी त्यांना पेढे दिले. त्यांनी पेढा दाबून पाहिला.

पावसाळ्यात त्यांच्या छपरीत रांग असायची. धानाच्या मुलखात फोन भिजायला निमित्त लागत नाही. भात लावताना, रोवण्यात, शेताच्या बांधीत पडतो, नाल्यात पडतो, कमरेला खोचलेला घामानंच भिजतो. एकाचा मोहाच्या माठात पडला होता. त्याला म्हणाले, "याले तीन नाई, पाच दिवस लागतीन. पेलेला हाय." हसले नाहीत. प्रत्येकाला आधी खिळ्यावरचा फोन, आधी सिम, आधी तीन जण. पुरुषांना लाज वाटायची, पोरी खुदुखुदु हसायच्या, म्हाताऱ्यांना नंबर पाठ नसायचे. हे तसूभर हलायचे नाहीत. त्यांचा स्वतःचा फोन मात्र नव्हता. गोंडपिपरीला दिलेल्या त्यांच्या लेकीला वडिलांची खुशाली विचारायची तर ती मला फोन करायची.

फळीच्या अगदी टोकाला एक डबा होता. चिकटपट्टी पिवळी पडलेली, वर धूळ. तो कधी उघडला जात नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याचे तीन दिवस झाले नाई अजून."

ती गोष्ट मला लेकीनं सांगितली. मी तिथं जाण्याच्या चार वर्षं आधीची. रोवण्याचे दिवस होते. यांचा फोन आदल्या दिवशी बांधीतल्या चिखलात पडला होता. यांनी तो रीतसर सुकवायला घेतला, पण सिम काढलं नाही. डबा बंद केला आणि मग बायकोला आठवलं. ती म्हणाली, "सिम तरी काढून घ्या न. माह्या फोनमंधी टाकू. कोनाचा फोन आला तं?" हे म्हणाले, "एकदा बंद केला का उघडत नाई." जन्मभर गोदामात तेच शिकले होते. बियाण्याचं पिंप मधेच उघडलं तर दमट हवा आत जाते आणि सगळं बी वाया जातं. फोन हे बी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं, उपटायला एकटीच पुढे गेली. रोवणाऱ्या बाया मागून येणार होत्या. नाल्यापलीकडे वाघीण पिलांसह असल्याचं जंगलखात्याच्या बीट गार्डला कळलं होतं, आणि ती रातोरात नाला ओलांडून यांच्या बांधीकडे आल्याचं त्याला सकाळी ठशांवरून समजलं. गार्ड पलीकडच्या काठावर, नाल्याला पूर. त्यानं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. रोवण्याच्या दिवसांत फोन घरी खुंटीला आणि माणसं चिखलात, कोण उचलणार? आणि ज्यांच्या बांधीत वाघीण होती त्यांचा फोन चुन्याच्या डब्यात होता, बायकोचा नंबर गार्डकडे नव्हता. बायको धुऱ्याजवळ, शेताच्या बांधापाशी, वाकलेली होती. ती सापडली तेव्हा पऱ्ह्यांची पेंढी मुठीतच होती.

गार्ड म्हणाला, मी यांना तीनदा फोन केला, बंद होता. गाव म्हणालं, खोटं बोलतो, अंग वाचवतो. लेकही तेच म्हणायची. "त्यानं फोन केलाच नाई, बाई. बाबाच्या मनात उगाच भरवून देल्लं. बाबा सोताले खाऊन राह्यला." तिनं गार्डाविरुद्ध तक्रार केली होती, इशारा दिला नाही म्हणून. चौकशी सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. फोन आला होता की नव्हता, हे त्यांना कळायचा एकच मार्ग त्यांच्या मते त्या डब्यात होता, आणि तो ते उघडत नव्हते. सिम केव्हाच बंद पडलं असणार, आता त्यात काही येणार नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. माझंही मत गावासारखंच झालं होतं, गार्ड खोटा. तसं मानणं सोयीचं होतं.

एका श्रावणात तो गार्ड आमच्या दारात आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. चाळिशीचा, खांदे पडलेला माणूस, अंगावरचा खाकी गणवेश पावसानं ओलाचिंब. प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता. काल नाल्यावर गाडी घसरली म्हणाला.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. बसा."

तो बसला नाही. "शहरात दुकानात नेला होता. थो म्हंते, खोलून पाहातो, पन आतलं राह्यन का जाईन सांगता येत नाई. म्हनून तुमच्याकडं आलो." त्यानं पिशवी पुढे केली. "भाऊ, यात काय हाय थे तुमाले सांगून देतो. न सांगता देल्लं तं थे चोरी होईन. त्या दिवशी मी लावले त्या तीन फोनच्या यादीचा फोटो यात हाय. वेळेसकट. त्याच दिवशी काढून ठेवला होता. पह्यल्या टायमाले कोनी मागतलाच नाई. आता पुढच्या हप्त्यात सुनावनी हाय. दुसऱ्या कोनाले पाठवून ठेवायचं सुचलं नाई मले. एवढंच हाय माह्यापाशी."

मी भाजी निवडत होते. मी ताट बाजूला सारलं. यांनी खिळ्यावरून एक फोन काढला आणि म्हणाले, "आंधी सिम."

गार्डनं तीन जणांना फोन लावला. त्यातला एक बायकोला होता. "हो, चालू हाय नंबर," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

तो गेल्यावर यांनी पाट मांडला. मी त्यांना शेकडो फोन टिपताना पाहिलं असेल, पण त्या दिवशीसारखं नाही. फडक्याचं टोक सुईसारखं वळून एकेका भोकात घातलं. दिवसभर फोनजवळून हलले नाहीत, वारा फिरला की पाट फिरवायचे. चुन्याचे खडे नवे आणले. डबा बंद करून चिकटपट्टी फिरवली आणि तो डबा घेऊन माझ्या दारात आले.

"हा तुमच्या खोलीत ठेवा, बाई. कुलूप लावत जा. मी मांगतला तरी देऊ नका."

"तुमचा स्वतःवर भरवसा नाही का, भाऊ?"

"नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. गावातून तिला कोणीतरी कळवलं होतं. आधी ती माझ्या तब्येतीची चौकशी करत होती, मग एकदम म्हणाली, "बाई, डबा तुमच्या खोलीत हाय न?"

"आहे."

"उघडून बॅटरी लावा अन् एकदा बटन दाबून द्या. फक्त एकदा. बाबाच म्हंते, ओल्यात बटन दाबलं का जळून जाते म्हनून. कोनाले समजनार नाई." ती रडायला लागली. "बाई, माही माय गेली. थे काई परत येत नाई. पन बाबा तं हाय. त्या फोटोत खरंच तीन फोन निंगाले तं बाबा काय करन? तुमीच सांगा. तुमी नर्स हा."

मी म्हटलं बघते. फोन ठेवला, दार लावून घेतलं आणि डबा मांडीवर घेतला. मी फार सज्जन बाई आहे असा माझा कधी दावा नव्हता. चिकटपट्टीचं टोक मी नखानं उचललं. बोटभर पट्टी सुटलीसुद्धा. गार्डाचं काय व्हायचं ते होईल, तो धडधाकट आहे, त्याची नोकरी गेली तर दुसरी मिळेल, असं काहीतरी मनात चाललं होतं. तेवढ्यात दाराबाहेर पावलं थांबली.

"बाई, थो डबा द्या जरा."

आतून मी डबा धरून बसले होते आणि बाहेर ते उभे होते. पुन्हा म्हणाले, "द्या न, बाई. पाहूनच वापस देतो." आवाज त्यांचाच, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. आजारी माणूस पाणी मागतो तसा.

"भाऊ, तीन दिवस उघडायचं नाही."

मग म्हणाले, "हो. बरोबर हाय," आणि चपलांचा आवाज घरामागच्या सांदवाडीकडे गेला. मी सुटलेली पट्टी अंगठ्यानं दाबून परत बसवली. हे शहाणपण होतं की घाबरटपणा, मला आजही सांगता येत नाही.

तीन दिवस भरल्यावर गार्ड आला. मी डबा आणून दिला. यांनी पट्टी काढली. ती एका जागी सुरकुतली होती. तिथं त्यांचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं. मिठाची पुडी उघडली. मीठ मोकळं होतं. बॅटरी बसवून चार्जर लावला, थोडा वेळ थांबले आणि बटन दाबायला फोन गार्डाकडे दिला.

फोन चालू झाला. गार्ड फोटो शोधत होता. सापडला. त्यानं यांच्याकडे पाहिलं. यांनी हात पुढे केला. चष्मा नव्हता, म्हणून फोन मला दिला. "वाचा, बाई."

मी वाचलं. यांचं नाव, त्यापुढं तीन वेळा. नऊ वाजून दहा मिनिटं. नऊ चौदा. नऊ एकवीस.

"ती घरून किती वाजता निंगाली, तुमाले माहीत हाय?" त्यांनी विचारलं. मला नव्हतं माहीत. "साडेनऊले. मी दारातच होतो. चहा पेऊन राह्यलो होतो." मग गार्डाला म्हणाले, "फोटो पाठवून ठेवा कोनाले तरी. याच फोनवर ठेवू नका."

गार्ड त्यांच्या पाया पडायला वाकला. यांनी पाय मागे घेतले.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः बसमध्ये बसून सुनावणीला गेले आणि "माझा फोन डब्यात होता, सिम मी काढलं नव्हतं, बायको सांगत होती," असं लिहून देऊन आले. गार्ड सुटला. लेक त्या दिवसापासून माहेरी आली नाही. मलाही तिनं पुन्हा फोन केला नाही. वडिलांची खुशाली आता ती कोणाला विचारते मला ठाऊक नाही. तिचा राग मला समजतो. तो माझ्यावर असायला हवा की नको, एवढंच समजत नाही.

सुनावणीहून आले त्या संध्याकाळी त्यांनी फळीच्या टोकाचा डबा खाली काढला. पिवळी पट्टी हातातच तुटली. चुन्याच्या खड्यांची भुकटी झाली होती. कापडात पीठ बांधावं तसं दिसत होतं. पुठ्ठ्यावर त्यांचा फोन होता, बॅटरी बाजूला, फुगलेली. त्यांनी फोनमधून सिम काढून खिशात टाकलं. खिळ्यावरच्या एका फोनची बॅटरी काढून त्यात घातली आणि बटन दाबलं. चार वर्षांच्या वर तो डब्यात होता. एका दमात चालू झाला. पडदा लखलखीत, बटनं सगळी चालणारी. त्यांच्या हातून सुकलेला फोन कधी बिघडला नव्हता, हाही बिघडला नाही.

पडद्यावर काहीतरी आलं. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "काय म्हंते?"

"तारीख आणि वेळ टाका म्हणतो, भाऊ. बॅटरी काढली होती ना, विसरला तो."

ते बायकोच्या फोटोकडे बघत होते. मी बटनावर अंगठा ठेवून थांबले. त्यांनी सांगितली असती ती तारीख मी टाकली असती, कुठलीही.

"आजचीच टाका," ते म्हणाले.

मी टाकली. त्यांनी फोनला सुतळी बांधली आणि सातव्या खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांची सून ओला फोन पदरात गुंडाळून आली, तेव्हा त्यांनी तोच काढून तिच्या हातात दिला. "आंधी सिम," ते म्हणाले, आणि हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहिले.